तीन सुरांच्या चिपवर बाख कसा बसवावा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये फॅमिकॉम हा गेम-कन्सोल आणला. परदेशात तो एनईएस म्हणून ओळखला गेला. त्याच्यासाठी आजही हौशी मंडळी नवे गेम लिहितात, आणि त्यांना संगीत लागते. हक्कमुक्त झालेल्या पाश्चात्त्य अभिजात रचना या कन्सोलच्या ध्वनी-चिपवर बसवण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत वारंवार येणारी माहिती आधी सांगतो. फॅमिट्रॅकर हा या चिपसाठी संगीत लिहिण्याचा संगणक-प्रोग्रॅम (ट्रॅकर) आहे, त्यात स्वर वरून खाली एकेका ओळीत लिहितात. या चिपमध्ये दोन पल्स चॅनेल आहेत, त्यांचा आवाज ० ते १५ असा पायऱ्यांनी बदलतो. ते चौकोनी लहर वाजवतात; ती लहर एका फेरीत किती टक्के वेळ वर राहते त्याला ड्यूटी म्हणतात, आणि तिने आवाजाचा पोत बदलतो. एक ट्रँगल चॅनेल आहे, तो फक्त चालू किंवा बंद होतो. एक नॉइज आणि एक छोटे ध्वनिनमुने वाजवणारा डीपीसीएम चॅनेल आहे. म्हणजे सुरात वाजणारे चॅनेल तीनच.

प्रश्न : एका सिम्फनीची मिडी फाइल (संगणकावरची स्वरांची नोंद) फॅमिट्रॅकरमध्ये आणली. बारा ट्रॅकचे तीन चॅनेल करताना सगळा चिखल झाला. सुरुवात कुठून करावी? (वाचक, नाशिक)

सुरुवात ट्रॅकरपासून करूच नका. कागदावर दोन पट्ट्यांचे स्टाफ नोटेशन घ्या आणि आधी तिथे रचना तीन ओळींत उतरवा. ट्रॅकर उघडल्यावर काय गाळायचे हे ठरवायला बसलात, तर जे आधी टाइप झाले ते राहते आणि जे महत्त्वाचे ते राहून जाते.

त्याहून मोठा निर्णय निवडीचा आहे. ऑर्केस्ट्राचा भव्यपणा ज्या रचनेचा प्राण आहे, ती या चिपवर केविलवाणी वाटते. ज्या रचनेचा प्राण ओळींच्या गुंफणीत आहे, ती इथे फुलते. म्हणून पहिल्या कामाला बाखच्या दोन आवाजी इन्व्हेन्शन्स घ्या, त्याच्या रचनासूचीतले क्रमांक बीडब्ल्यूव्ही ७७२ ते ७८६. पहिली सी मेजरमधली आहे, अवघ्या २२ मापांची. उजवा हात पल्स एकवर २५ टक्के ड्यूटीने आणि डावा हात पल्स दोनवर ५० टक्क्यांनी वाजवा. डावा हात ट्रँगलवर टाकण्याचा मोह होतो, पण तो टाळा. इथे दोन्ही हात एकमेकांची नक्कल करतात, आणि ट्रँगलला वरच्या हार्मोनिक्सचे बळ नसल्याने तो हात उत्तर देण्याऐवजी पुटपुटल्यासारखा ऐकू येतो. ट्रँगल मोकळा राहिला तरी बिघडत नाही. फार तर शेवटच्या कॅडेन्सला (समारोपाच्या स्वरांना) खर्जासाठी तो जोडा.

हे जमले की तीन आवाजी सिन्फोनिया, बीडब्ल्यूव्ही ७८७ ते ८०१, घ्या. तीन आवाज आणि तीन चॅनेल, काहीच गाळावे लागत नाही.

पियानोच्या रचनांत मोझार्टचा के ५४५ (हा त्याच्या रचनासूचीतला क्रमांक) सोनाटा शिकण्यासाठी उत्तम आहे. डावा हात अल्बर्टी बेस वाजवतो, म्हणजे कॉर्डचे स्वर सी-जी-ई-जी असे सुटे करून. हा हात जसाच्या तसा पल्स दोनवर ५० टक्के ड्यूटी आणि ६-७ आवाजावर ठेवा. चाल पल्स एकवर २५ टक्क्यांनी, ११-१२ आवाजावर. ट्रँगलवर प्रत्येक अर्ध्या मापाचा पहिला स्वर एक सप्तक खाली धरून ठेवा : पहिल्या मापात सी, दुसऱ्यात डी आणि मग सी. दुसऱ्या मापाच्या कॉर्डचे नाव जी आहे म्हणून पुष्कळ जण तिथे जी टाकतात. तसे केले की मोझार्टचा हलका बेस जड पावले टाकू लागतो. डीच ठेवा.

एक सूचना कायमची लक्षात ठेवा : फॅमिट्रॅकरमध्ये तोच स्वर ट्रँगलवर लिहिला तर पल्सपेक्षा एक सप्तक खाली वाजतो. पल्सची वारंवारता सीपीयूच्या घड्याळाला १६ ने भागून ठरते, ट्रँगलची ३२ ने. त्यामुळे पल्स साधारण ५५ हर्ट्झच्या खाली जात नाही, ट्रँगल २७ पर्यंत जातो. पण टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर ८० हर्ट्झच्या खालचे फारसे ऐकू येत नाही. बेस नोटेशनपेक्षा एक सप्तक वर घेण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : 'अभिजात' म्हणजे हक्कमुक्त, असे धरून चालता येईल का? गेम ऑनलाइन विकायचा आहे. (वाचक, पुणे)

नाही, आणि यात भलेभले फसतात. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क चालू राहतो. युरोपात ७० वर्षे. अमेरिकेत जुन्या प्रकाशित रचनांना प्रकाशनापासून ९५ वर्षे धरतात. जगभर विकायचे असेल तर तिन्ही कसोट्या लावा. बाख, मोझार्ट, बेथोवेन, ग्रीग, चायकोव्स्की यांची चिंता नाही. राव्हेल १९३७ मध्ये वारला, पण त्याचा 'बोलेरो' १९२९ मध्ये प्रकाशित झाल्याने अमेरिकेत तो १ जानेवारी २०२५ लाच मोकळा झाला.

आता फसवी नावे. खाचातुरियनचा 'सेबर डान्स' सर्कशीत इतका वाजतो की लोकांना तो शंभर वर्षांपूर्वीचा वाटतो. खाचातुरियन १९७८ मध्ये वारला, म्हणजे भारतात २०३८ अखेरपर्यंत हक्क आहे. कार्ल ऑर्फ १९८२ मध्ये वारला, तेव्हा 'कार्मिना बुराना' विसरा. सर्वांत मोठा सापळा म्हणजे 'अल्बिनोनीचा अडाजिओ'. अल्बिनोनी अठराव्या शतकातला खरा, पण ही रचना रेमो जाझोत्तोने १९५८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि तो १९९८ पर्यंत हयात होता.

रचना मोकळी असली तरी दुसऱ्याने केलेली मिडी फाइल किंवा दुसऱ्याची चिपट्यून मोकळी नसते. अरेंजमेंटला स्वतंत्र हक्क असतो, तुमच्याही. म्हणून जुन्या छापील आवृत्तीच्या स्कॅनवरून स्वतः काम करा. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर अशा हजारो आवृत्त्या आहेत. नव्या संपादकाने बोटांचे क्रमांक, स्लर आणि आवाजाच्या खुणा घातलेली ताजी आवृत्ती टाळा.

प्रश्न : व्हायोलिनची डी मेजरमधली चाल पल्सवर व्हायब्राटोसह (स्वराच्या हलक्या कंपनासह) लिहिली. बाकी स्वर छान, फक्त ए या स्वरावर 'टक् टक्' असा आवाज येतो. वेगवेगळ्या सप्तकांत. (वाचक, कोल्हापूर)

इतके नेमके निरीक्षण कळवल्याबद्दल आनंद वाटला. कारण तितकेच नेमके आहे.

पल्सचा स्वर ११ बिटांच्या आकड्याने ठरतो. खालचे ८ बिट एका रजिस्टरमध्ये जातात, वरचे ३ दुसऱ्यात. या दुसऱ्या रजिस्टरमध्ये काहीही लिहिले की लहर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि तो झटका 'टक्' असा ऐकू येतो. ४४० हर्ट्झच्या एसाठी आकडा २५३ आहे. व्हायब्राटोने तो चारने हलला की २५७ होतो, म्हणजे २५६ ची सीमा ओलांडली आणि वरचे बिट बदलले. परत येताना पुन्हा बदलले. खालच्या सप्तकातला ए ५०७ वर आहे, सीमा ५१२ ला. त्याखालचा १०१६ वर, सीमा १०२४ ला. जी शार्प मात्र २६८ वर असल्याने सुरक्षित आहे. ट्रँगलवर हा त्रास होत नाही, कारण तिथे लहर पहिल्यापासून सुरू होत नाही.

उपाय तीन. व्हायब्राटोची खोली दोनपर्यंत ठेवा, हा सोपा. फॅमिस्टुडिओ या दुसऱ्या संगीत-प्रोग्रॅमच्या साउंड इंजिनमध्ये स्मूद व्हायब्राटोचा पर्याय आहे, तो चिपच्या स्वीप युनिटकरवी वरचे बिट न लिहिताच बदलतो. तिसरा उपाय संगीताचा आहे आणि आम्हाला तोच आवडतो : सगळी रचना अर्धा स्वर वर, ई फ्लॅट मेजरमध्ये न्या. त्या पट्टीत शुद्ध ए येतच नाही. गेममध्ये मूळ पट्टी जपण्याचे बंधन नसते, आणि अर्ध्या स्वराचा फरक ऐकणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न : एम्युलेटरवर सुरेख वाजणारी धून घरातल्या जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही-गेमवर संथ वाजते, आणि क्लॅरिनेटसारखा ठेवलेला आवाज ट्रम्पेटसारखा येतो. यंत्र बिघडले आहे का? (वाचक, सोलापूर)

यंत्र ठीक आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेले असे टीव्ही-गेम बहुतांशी फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि आपला टीव्ही पाल पद्धतीचा असल्याने त्या सेकंदाला ५० चित्रे दाखवतात. संगीताचे इंजिन दर चित्राला एकदा चालते. ६० ऐवजी ५० वेळा चालले की १५० ची लय १२५ होते. पण पट्टी फारशी का उतरत नाही? या नकलांचे सीपीयू घड्याळ साधारण १.७७३ मेगाहर्ट्झ असते, मूळ जपानी यंत्राच्या १.७९० च्या अगदी जवळ. फरक सुमारे १६ सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्श्याइतका. युरोपातल्या अस्सल पाल यंत्राचे घड्याळ मात्र १.६६३ असते, तिथे तीच धून सव्वा अर्धस्वर उतरते आणि वेगळा स्वरतक्ता वापरावा लागतो.

लयीवर उपाय : सुरुवातीला गेमने दोन चित्रांमधली सीपीयूची आवर्तने मोजावीत. जपानी-अमेरिकन यंत्रावर ती सुमारे २९,७८० भरतात, युरोपीय पालवर ३३,२४७ आणि या नकलांवर ३५,४६४. पन्नासवाले यंत्र सापडले की दर पाच चित्रांमागे एकदा संगीताचे इंजिन जास्तीचे चालवा. पाचात सहा, हिशेब जुळला.

आवाज बदलण्याचे कारण वेगळे. पुष्कळ नकली चिपांत ड्यूटीचे दोन बिट उलटे जोडलेले आहेत. त्यामुळे २५ टक्के मागितले की ५० मिळतात आणि ५० मागितले की २५. साडेबारा आणि ७५ मात्र तसेच राहतात, कारण त्यांचे दोन्ही बिट सारखे असतात. यातून चांगली पळवाट निघते. ७५ टक्क्यांची लहर ही २५ ची उलटी बाजू आहे, कानाला दोन्ही सारख्याच. म्हणून २५ ऐवजी सगळीकडे ७५ लिहा, ती धून दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर एकसारखी वाजेल. उरतो प्रश्न ५० टक्क्यांचा. त्यासाठी मेनूत एक पर्याय द्या आणि तो निवडल्यावर इंजिनने ५० च्या जागी २५ चा आकडा लिहावा.

प्रश्न : ग्रीगच्या 'पर्वतराजाच्या दरबारात' या रचनेची लय वाढत जाते. ट्रॅकरमध्ये स्पीड ७ वरून ६ केला की एकदम उडी बसते. मधल्या लयी कशा मिळवाव्यात? (वाचक, ठाणे)

स्पीड म्हणजे ट्रॅकरची एक ओळ किती चित्रे चालते तो आकडा. एका ठोक्याला चार ओळी धरल्या तर ६० चित्रांच्या यंत्रावर लय म्हणजे ९०० भागिले स्पीड. स्पीड ७ ला १२८.६, ६ ला १५०, ५ ला १८०, ४ ला २२५. पायऱ्या वर जाताना रुंदावतात, नेमक्या तिथे जिथे ग्रीगला घसरण हवी आहे.

स्पीड ६ वर कायम ठेवा आणि टेम्पोचा आकडा बदला. एफ इफेक्टमध्ये हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या मोजणीतल्या) २० पेक्षा लहान आकडा स्पीड ठरवतो, २० आणि त्यावरचा टेम्पो. इथे नवखे हमखास चुकतात : हे आकडे हेक्स आहेत. १३८ हवे असतील तर ८ए लिहायचे, १५० साठी ९६. 'नव्वद' समजून ९० लिहिले तर १४४ ची लय मिळते. १३८ ला एक ओळ सरासरी साडेसहा चित्रांची होते, म्हणजे इंजिन कधी ६ आणि कधी ७ चित्रे देते. हा सतरा मिलिसेकंदांचा हेलकावा या रचनेच्या आठव्या स्वरांत जाणवत नाही. सोळाव्या स्वरांनी भरलेल्या, स्पीड ३ वर चालणाऱ्या रचनेत मात्र ताल लंगडतो. तिथे स्पीडच आलटून पालटून लिहा, एका ओळीला ३, पुढच्या ओळीला ४, म्हणजे डळमळ तरी ठरावीक राहते.

लय प्रत्येक मापाला वाढवू नका. ही धून चार-चार मापांच्या तुकड्यांनी फिरते. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी टेम्पो ४ ते ६ ने वाढवा. कानाला वाढ सलग वाटते, आणि पॅटर्न पुन्हा वापरता येत असल्याने जागाही वाचते.

प्रश्न : त्याच रचनेत आवाजही वाढत जायला हवा. ट्रँगलला आवाजच नाही, मग क्रेशेन्डो कसा? (वाचक, बंगळूर)

आकड्याने वाढवून पुरेसा क्रेशेन्डो होणार नाही. पल्सच्या पायऱ्या कानाच्या हिशेबाने असमान आहेत : १ वरून २ वर जाताना ६ डेसिबलची उडी बसते, १४ वरून १५ ला जेमतेम ०.६ डेसिबल. खाली धक्के आणि वर काहीच नाही. म्हणून मोठी वाढ एकेक चॅनेल जोडून करा. सुरुवातीला चाल एकट्या ट्रँगलवर, खालच्या सप्तकात वाजवा. ती मूळ रचनेतल्या बेसच्या वाद्यांना शोभतेही. मग पल्स दोनवर साडेबारा टक्के ड्यूटीने, आवाज ४ वर, ऑफबीटचे स्वर आणा. पुढच्या तुकड्यात ड्यूटी २५, नंतर ५०. चाल वर पल्स एकवर गेली की ट्रँगल बेसकडे वळवा. नॉइज शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यासाठी राखून ठेवा. तो आधीच आला की पुढे वाढवायला काही उरत नाही.

ट्रँगल कमी ऐकू यावा असे वाटले तर स्वर छोटे करा. सहा चित्रांच्या ओळीत तीन चित्रांनी स्वर तोडला की बेस पिझिकाटोसारखा (तार बोटाने छेडल्यासारखा) हलका होतो. आणखी एक आडवाट आहे : डीपीसीएमच्या आउटपुटची पातळी वर नेली की चिपच्या मिक्सरच्या रचनेमुळे ट्रँगल आणि नॉइज दबतात. पण पातळी बदलताना टक् आवाज येतो, तेव्हा ती शांत जागी बदला.

प्रश्न : पाखेलबेलच्या कॅननमध्ये तीन व्हायोलिन आणि बेस आहे. एक चॅनेल कमी पडतो. अर्पेजिओने भागवावे का? (वाचक, मडगाव)

अर्पेजिओ नको. दर चित्राला स्वर बदलून कॉर्डचा भास करण्याची युक्ती जलद, ठेकेदार संगीतात खुलते. बरोक रचनेत ती ओळींचा गळा घोटते, आणि या रचनेत ओळीच सर्वस्व आहेत.

बेसचे आठ स्वर ट्रँगलवर ठेवा : डी, ए, बी, एफ शार्प, जी, डी, जी, ए. ते दोन मापांत संपतात आणि रचनाभर पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे एकच पॅटर्न लिहून सगळीकडे वापरता येतो. तिन्ही व्हायोलिन दोन-दोन मापांच्या अंतराने तीच ओळ वाजवतात. तेव्हा तिसरे व्हायोलिन सरळ गाळा. पहिले पल्स एकवर ७५ टक्के ड्यूटीने, दुसरे पल्स दोनवर ५० टक्क्यांनी. ऐकणाऱ्याला प्रत्येक ओळ एकदा नवी आणि एकदा उत्तरादाखल ऐकू येते, कॅननचा अर्थ शाबूत राहतो. फक्त तिसरे आवर्तन जाते, आणि हार्मनीची पोकळी बेसमुळे भरून निघते.

गेम फॅमिकॉमसाठीच असेल तर कोनामीची व्हीआरसी ६ चिप आणखी दोन पल्स आणि एक सॉटूथ देते, मग तिसरे व्हायोलिनही बसते. परदेशी एनईएसमध्ये कार्ट्रिजचा जास्तीचा आवाज यंत्रात दुरुस्ती केल्याशिवाय पोहोचत नाही. गेम दोन्हीकडे चालायचा असेल तर व्हीआरसी ६ वर विसंबू नका.

प्रश्न : उडी मारण्याचा आवाज आला की चाल तुटते. शिवाय टिंपनीचा नमुना वाजताना खेळाडू आपोआप उजवीकडे सरकतो. (वाचक, औरंगाबाद)

पहिल्याचे उत्तर अरेंजमेंटमध्ये आहे. गेमचे आवाज पल्स दोन आणि नॉइजवर बसवा, आणि चाल कधीही पल्स दोनवर ठेवू नका. अल्बर्टी बेसचे चार स्वर गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा दोष चिपचा आहे. डीपीसीएम मेमरीतून पुढचा बाइट ओढतो त्याच क्षणी जॉयपॅड वाचला जात असेल, तर एक बिट जास्तीचा सरकतो आणि न दाबलेले बटण दाबल्यासारखे दिसते. जॉयपॅड लागोपाठ वाचत राहा आणि दोन वाचने जुळली की तेच खरे धरा. नमुना छोटा ठेवल्यास जागाही वाचते : सर्वांत वरच्या, सुमारे ३३ किलोहर्ट्झच्या वेगाने पाव सेकंदाच्या टिंपनीला सुमारे एक किलोबाइट लागतो. एका नमुन्याची कमाल मर्यादा ४,०८१ बाइट.

प्रश्न : ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांची झरझर अदलाबदल, यांत्रिक वाटते. (वाचक, रत्नागिरी)

दर चित्राला स्वर बदलत असाल तर वाटणारच, सेकंदाला ६० बदल कोणी बोटांनी वाजवत नाही. इन्स्ट्रुमेंटच्या अर्पेजिओ क्रमात प्रत्येक स्वराला चार चित्रे द्या : २ २ २ २ ० ० ० ०, आणि हा क्रम फिरत ठेवा. सेकंदाला पंधरा स्वर होतात, वादकाच्या वेगाजवळ. हे आकडे मुख्य स्वरापासूनचे अर्धस्वर आहेत; वरचा स्वर अर्ध्या स्वराच्या अंतरावर असेल तर २ ऐवजी १. बाख-मोझार्टच्या काळात ट्रिल बहुधा वरच्या स्वरापासून सुरू होत असे, म्हणून २ आधी लिहिला आहे. लांब ट्रिलला पहिला वरचा स्वर आठ चित्रे रेंगाळू द्या आणि फिरता भाग त्यानंतर सुरू करा. शेवटी खालचा शेजारी स्वर आणि मुख्य स्वर हे दोन ट्रॅकरच्या स्वतंत्र ओळींत लिहा. ते क्रमात कोंबले तर ट्रिल किती वेळ चालली त्यावर शेवट कुठेही पडतो.